बांधावरची वाळू

आमच्या रानाच्या पश्चिमेला, लोहा गावाच्या बाजूला, गोदावरीतून उपसलेल्या वाळूचे ढीग आहेत. उन्हाळ्यात वारा सुटला की ती वाळू आमच्या काळ्या मातीवर येऊन बसते. रान पडीक होईल म्हणून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ढीग हलवावेत असा तहसीलला अर्ज केला. साहेबांनी खुर्चीत बसूनच गावातल्या वाऱ्याच्या यंत्राचे आकडे मागवले आणि निकाल दिला, एवढ्याशा वाऱ्यानं वाळू उडत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी अहमदपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवते. वाऱ्याच्या नोंदींवरून वाळू किती सरकेल हे काढणं माझ्या अभ्यासाचाच विषय. वाऱ्याचा वेग एका मर्यादेच्या खाली असेल तर कणही हलत नाही; ती ओलांडली की जरासा वेग वाढला तरी वाळू कितीतरी पट सरकते. साहेबांनी दिवसभराची सरासरी धरली होती, तिच्यात दुपारचे झोत बुडून गेले. मी भांडून तासातासाचे आकडे मिळवले. तेही मेलेलेच. दुपारी डोळे उघडता येत नव्हते, आणि यंत्र म्हणत होतं, वारा नाही.

यंत्र बघायला गेले. पंचायतीमागे तारेचं कुंपण, आत यंत्राचा खांब, आणि कुंपणाला पश्चिमेकडून टेकवून खांबाहून उंच कडब्याची गंजी, पश्चिमेचा सगळा वारा अडवणारी. तिथं जनावरं फिरकत नाहीत, म्हणून रचलेली. गंजी माझ्या काकांची. बांध कोरल्यावरून त्यांचं आणि अप्पांचं बोलणं मी शाळेत असल्यापासून बंद.

"हलवतो की," काका म्हणाले. "पण तुझ्या बापानं यावं इचारायला."

"यंत्र सरकारी आहे, काका."

"आन् कडबा माझा हाय."

अप्पांना सांगितलं. "वाळू खाईन, पण त्याच्या दारात जाणार न्हाई." साहेबांना फोटो दाखवले, तर म्हणाले, "मॅडम, घरचं भांडण घरात मिटवा." तिघांचाही मला संताप आला, अजून आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

यंदा पेरणीआधी रानात गेले. आमचं रान ओलांडून वाळू काकांच्या रानात शिरली होती. अलीकडे अप्पा पायानं वाळू उकरून बांध शोधत होते, पलीकडे काका.