पुसायला आणलेला लॅपटॉप

नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडेखोरांच्या मागे उसातून धावलो. पण छाती सर्वांत जोरात धडधडली ती एका लॅपटॉपच्या पडद्यावर सरकणारा आकडा बघताना. इतकी वर्षं झाली, तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी आमच्या हद्दीत होती. तिथल्या एका फौंड्रीत क्रेनची साखळी तुटली. वितळलेल्या लोखंडाचं भांडं खाली आलं आणि एक तरुण कामगार जागीच गेला. पंचनामा करताना माझ्या बुटाचे तळवे तापले होते, एवढंच सांगतो.

हलगर्जीपणाने मृत्यू म्हणून गुन्हा दाखल झाला. आरोपी केला तो देखभाल विभागाचा सुपरवायझर. पंचेचाळिशीचा, कोडोलीचा, शेती आणि दोन म्हशी सांभाळून नोकरी करणारा माणूस. मेलेला मुलगा त्याच्याच गावचा. यानेच त्याला कामाला लावलेलं. गावात लोक त्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवू लागले.

जामिनावर सुटल्यावरही तो दर दोन दिवसांनी ठाण्यात यायचा.

"साहेब, साखळीला चीर गेल्ती. मी तीनदा लेखी दिल्तो. फोटो हायत. सगळं लॅपटॉपात हाय."

"मग लॅपटॉप दे."

"अपघाताच्या दुसऱ्या दिवशी टेबलावरनं गेला की!"

फौंड्रीच्या मॅनेजरला मी विचारलं. त्याने सहीनिशी जबाब दिला की देखभाल विभागाला कंपनीने लॅपटॉप कधी दिलाच नव्हता. मॅनेजर शांत, इस्त्रीच्या कपड्यांतला, कागद वेळेवर आणून देणारा. सुपरवायझर घामाघूम, बोलताना अडखळणारा. मी कोणावर विश्वास ठेवला हे सांगायला नको. त्याचं लॅपटॉपचं म्हणणं मी केस डायरीत एका ओळीत संपवलं आणि दोषारोपपत्राचा मसुदा लिहायला घेतला.

त्याच आठवड्यात सकाळी हजेरी सुरू असताना फोन आला. पेठ वडगावातून एक बाई बोलत होत्या. नवऱ्याचं कापडदुकान, आणि त्याच्याच पोटमाळ्यावर या कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या.

"साहेब, एक पावणं लॅपटॉप घेऊन आल्यात. रिसेट होईना म्हणत्यात. नवा कोरा करून द्या, आतलं काय बी ठेवू नका म्हणत्यात. मशीन माझंच म्हणत्यात, आन् सीडीवरनं चालू करताना मागतंय तो पासवर्ड मात्र ठाऊक न्हाय!"

"मग आम्हाला कशाला फोन केलात?"

"खालचं लेबल खरवडलंय, पण फौंड्रीचं नाव अर्धं वाचता येतंय. पेपरात वाचलोय मी त्या पोराचं. पावण्यांना परवा या म्हणून सांगितलोय."

मी खुर्चीवरून उठलोच. हवालदाराला हाक मारली, जीप काढली. हातातला चहा तसाच राहिला. वडगावला जाऊन लेबल डोळ्यांनी बघितलं आणि बाईंना मशीन तसंच ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत आम्ही खाली कापडदुकानात गिऱ्हाईक म्हणून बसलो. हवालदाराने बायकोसाठी खरोखरच दोन साड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. साडेअकराला गाडी थांबली आणि उतरला तो आमचा इस्त्रीवाला मॅनेजर! नोकराला न पाठवता स्वतः आला होता. ज्याला काही लपवायचं असतं तो दुसऱ्याच्या हाती वस्तू देत नाही, हे मी तेव्हापासून लक्षात ठेवलं.

ठाण्यात आणल्यावरही तो डगमगला नाही.

"कंपनीचं मशीन आहे साहेब. दुरुस्तीला नेलं. यात गुन्हा कसला?"

मी त्याचाच जबाब त्याच्यापुढे ठेवला. "लॅपटॉप कधी दिलाच नव्हता, असं लिहिलंय. खाली सही कोणाची?"

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. पाणी मागितलं. पेला खाली ठेवून म्हणाला, "जुनं मशीन होतं, माझ्या लक्षात राहिलं नाही. आत काही नाही, बघा हवं तर."

आणि खरंच आत काही नव्हतं. फाइली उडवलेल्या, वरून गाणी आणि सिनेमे भरून जागा पुसून टाकलेली. खोटा जबाब हातात होता, पण त्याने सुपरवायझर सुटत नव्हता. प्रयोगशाळेत मशीन पाठवायचं तर अहवालाला कित्येक महिने लागणार. मी कोर्टाची परवानगी घेतली. दोन पंचांसमोर त्या बाईंनी डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली. मूळ डिस्क लाखेने सीलबंद झाली. आता जे काही करायचं ते प्रतीवर.

बाईंनी प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"साहेब, मशीन बनवणाऱ्या कंपनीतनं येताना डिस्कचा एक कोपरा झाकून ठेवलेला असतोय. मूळ सगळं सामान त्यात. चालू करताना ठराविक बटण दाबलं की तिथनं मशीन पुन्हा नवं होतंय. ह्यात त्या कोपऱ्याकडं जायची वाटच मोडलीया, म्हणून पावण्यांचं रिसेट चालंना."

"मग?"

"कोपरा लई मोठा हाय. कंपनीचं सामान एवढं नसतंय. चौपट हाय हे!"

मी सुपरवायझरला बोलावून घेतलं. तो एसटीने धापा टाकत आला. कोपऱ्याचं विचारताच त्याने कपाळावर हात मारला.

"अगा गा गा! मीच केल्तो ते! मशीन सारखं बंद पडायचं. म्हणून कंपनीचं सामान काढून, माझ्या फाइलींसकट अख्ख्या मशीनची कॉपी त्यात भरली. पण त्यानंतर बटणच चालंना. कॉपी वाया गेली म्हणून सोडून दिल्तं, साहेब."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅनेजर जे बटण दाबून सगळं पुसायला निघाला होता, तेच बटण चाललं असतं तर सगळं परत आलं असतं!

बाईंनी प्रतीची डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली. मोडलेली वाट दुरुस्त करायला मशीन सीडीवरून चालू करायचं तर तो अडून बसलेला पासवर्ड लागणार होता. मी सुपरवायझरकडे बघितलं. तो लाजला.

"चंद्री."

"कोण ही?"

"म्हस हाय माझी."

पंचांपैकी एक जण फस्सकन हसला. बाईंनी इंग्रजीत अक्षरं टाकली आणि मशीन उघडलं! लॅपटॉप कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर म्हशीने दिलं होतं, आणि ते मी पंचनाम्यात तसंच लिहिलं.

पुढचे दोन तास बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. झाकलेला कोपरा उघडा केला, मशीनने सुरुवात तिथून करावी अशी खूण केली, मोडलेली वाट नव्याने लिहिली. तरी मशीन अडलं. पुन्हा शोधलं. शेवटी सापडलं की कॉपीच्या फाइलीचं नाव एक होतं आणि मशीन दुसऱ्याच नावाने तिला शोधत होतं. नाव सारखं केलं, मशीन पुन्हा चालू केलं.

पडद्यावर पट्टी आली. दोन टक्के. पाच टक्के. पोटमाळ्यावर आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेलो. खालून बाईंचे यजमानही गिऱ्हाईक सोडून वर आले. साठ टक्क्यांवर आकडा थांबला. सुपरवायझरने माझा दंड घट्ट धरला होता, आणि आरोपीने तपास अधिकाऱ्याचा हात धरलाय हे आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं. एकसष्ट! मग सुसाट. शंभर झालं, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

पडद्यावर दोन म्हशींचा फोटो आला.

"माझ्याच!" तो ओरडला. "हेच माझं मशीन!"

साखळीचे फोटो मिळाले, चिरेभोवती खडूने गोल केलेला. तीन पत्रं मिळाली. आणि तिसऱ्या पत्राची स्कॅन केलेली पोच मिळाली, त्यावर मॅनेजरच्या हस्ताक्षरात शेरा: "ऑर्डर पूर्ण झाल्यावर बघू." मी हवालदाराला एवढ्या जोरात टाळी दिली की तळहात झोंबला.

हलगर्जीपणाच्या गुन्ह्यात आता मॅनेजर आरोपी झाला आणि त्याच्यावर पुरावा नष्ट करण्याचं कलमही लागलं. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाने मूळ डिस्कवर तेच सगळं असल्याचं सांगितलं, आणि कोर्टात त्याला शिक्षा झाली. सुपरवायझरचं नाव तर दोषारोपपत्रातून आधीच निघालं होतं.

ते नाव काढल्यावर मी त्याला घेऊन कोडोलीला गेलो. गेलेल्या मुलाची आई दारात तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं,

"हे त्यो पयल्या दिवसापास्नं सांगत हुता न्हवं? मग तुमी बघिटलं का न्हाय?"

साक्षीत वकिलांनी मला तासन्तास उभं केलं आहे, पण इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. खोटं कारण सांगता आलं असतं. मी म्हणालो, "चुकलं माझं, मावशी."

तिने सूप बाजूला ठेवलं. उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पहिल्यांदा तो सुपरवायझरच्या हातात दिला.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी एक नेम पाळला. आरोपीचं जे म्हणणं मला सर्वांत खोटं वाटेल, ते डायरीत पहिल्या पानावर पूर्ण लिहायचं आणि पहिल्यांदा तेच तपासायचं. बहुतेक वेळा ते खोटंच निघायचं. तरी प्रत्येक वेळी मी गाडी काढून जायचो.