आप्पांची कुदळ आणि बागेतली केबल

आमचे सासरे, आप्पा, सटाण्याकडचे. जन्मभर शेती केली आणि मग नाशकात आमच्याकडे राहायला आले. आल्या आल्या घरामागच्या बागेचा ताबा घेतला. उन्हात बाहेर पडवत नाही, म्हणून त्यांची फेरी दिवेलागणीनंतर. पण डोळे अधू झालेले. एका संध्याकाळी वाफ्याच्या विटेला अडखळून आप्पा सपशेल आडवे झाले, गुडघा फुटला. ह्यांनी फर्मान काढलं, "अंधार पडल्यावर बागेत पाऊल टाकायचं नाही."

तेव्हापासून आप्पा टीव्हीसमोर बसायला लागले, तेही टीव्हीकडे न बघता. माझ्या भाजीला नावं ठेवणंसुद्धा बंद! मला ते बघवेना. ह्यांना म्हटलं, "माणूस कोंडून ठेवण्यापेक्षा बागेत चार दिवे लावा की." "लावू," म्हणाले. ह्यांचं 'लावू' मी पंचवीस वर्षं ऐकतेय. शेवटी मीच पदर खोचला.

दिवे आणले. वायर कोणती घ्यायची म्हणत होते, तर आप्पांनी गावाहून एक वेटोळंच मागवलं. विहिरीतल्या जुन्या मोटारीची चपटी केबल. "इतकी वर्षं पाण्यात बुडून चालली, मातीत काय धाड भरणार आहे तिला? काही व्हत नही!" फुकट मिळतंय म्हटल्यावर माझीही अक्कल चरायला गेली. वीतभर चर खणून केबल पुरली, वर माती लोटली. आठ दिवस काय मजा आली!

नवव्या दिवशी सकाळी आप्पांनी मिरचीच्या रोपासाठी कुदळ घातली ती थेट केबलवर. रात्रीचं बटण बंद करायला मी विसरले होते. ठिणगी उडाली आणि घरातलं सेफ्टीचं बटण खाडकन पडलं, म्हणून आप्पा वाचले. दांडाही कोरडा लाकडाचा होता. मी धावत गेले आणि भीतीच्या भरात त्यांनाच वाट्टेल ते बोलले. आप्पा कुदळ भिंतीला टेकवून म्हणाले, "नको ते दिवे. आणि आता बागही नको." मग चार दिवस ते दिवसाउजेडीही बाहेर पडले नाहीत. मला माझ्या जिभेची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

सातपूरला कारखान्यात कामाला असलेला एक वायरमन सुट्टीच्या दिवशी घरगुती कामं करतो, त्याला बोलावलं. तुटलेली केबल हातात घेऊन तो हसायलाच लागला. "मावशी, विहिरीत हिला कुदळ कोण मारणार होतं? पाण्याला ही घाबरत नाही. पण कुदळ, खुरपं नि घुशीचे दात यांच्यापुढे हिचं काही चालत नाही." मग त्याने आर्मर्ड केबल आणायला सांगितली. तिच्या अंगावर पोलादी तारांचं चिलखत असतं. दोन फूट खोल चर, केबलच्या खाली-वर वाळू, त्यावर विटांची रांग. जोड सगळे जमिनीच्या वर, पाणी न शिरणाऱ्या डब्यांत.

सगळं ठरलं आणि त्याने चर आखायला दोरी धरली ती वाफ्यांच्या मधोमध, जवळची वाट म्हणून. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे ए भाऊ, तिथून नको!" आप्पा! चपलाही न घालता बाहेर. "तिथं मला हळद लावायचीय. कंपाउंडच्या कडेनं ने, तिथं कुणी खणत नाही."

"बाबा, केबल जास्त लागेल."

"लागू दे की! कुठं खणणार ते खणणाऱ्याला विचारायचं का नाही?"

वायरमन डोकं खाजवत माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, "ते म्हणतात तसं कर बाबा." मला असा आनंद झाला होता की त्याने केबल गंगापूर धरणापर्यंत न्यायची म्हटली असती तरी मी हो म्हटलं असतं.

पुढचे दोन दिवस आप्पा मुकादम. खोली काठीने मोजायचे, दोन बोटं कमी भरली तर पुन्हा खणायला लावायचे. विटा मी मांडत होते. "अगं, देवाला फुलं वाहतेस का? एकीला एक भिडव!" मीही म्हटलं, "मग या आणि तुम्हीच भिडवा!" तर आले की खरंच. गुडघा धरत खाली बसले आणि उरलेली सगळी रांग स्वतः लावली. शेवटी भिंतीवर केबलच्या वाटेने चुन्याचे ठिपके दिले. "मी गेल्यावर दुसरं कोणी खणेल, त्याला कळायला नको?"

संध्याकाळी दिवे लावले. हे म्हणाले, "आप्पा, हात धरू का?"

"कशाला? मी काय लग्नाला निघालोय?"

भिंतीच्या कडेने एकटे पार टोकापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मी जेवायला हाक मारली तर टोकावरून म्हणतात, "तुम्ही बसा!" हे त्यांना आणायला उठले. मी ह्यांचा शर्ट धरून खाली बसवलं. "खबरदार हाक मारलीत तर!" म्हटलं, आणि आप्पांचं ताट झाकून ठेवलं.