केळीवाल्याच्या हाती ऑलिव्ह

लालबागमधल्या आमच्या गच्चीवर, उथळ कुंडीत, वीतभर उंचीचं ऑलिव्हचं झाड आहे. हे बोन्साय मी तारा बांधून, फांद्या छाटून वाढवलंय, आणि त्याची मिजास माझ्यापेक्षा जास्त आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो, तेव्हा ते मेहुण्याच्या हवाली केलं. मेहुणा जैनाबादचा केळीवाला, केळीच्या बागा पिकवणारा. रोप दिसलं की त्याचा हात पाण्याकडेच जातो. परतलो तर कुंडीत चिखल आणि पानं पिवळी.

"दाजी, सकाळ-संध्याकाळ पोटभर पाजलं, तरी रुसलं!"

"अरे राजा, ही केळ नाही. ह्याला कोरडं राहायला आवडतं!"

मी सडलेली मुळं कापली, जाड रेती घालून झाड पुन्हा लावलं आणि वाट पाहत बसलो. घरात कुणी शिंकलं तरी डोळे वटारायचो. अखेर खोडावर चंदेरी पालवी फुटली, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले.

आता मेहुणाच पाहुण्यांना गच्चीवर आणतो. परवा एकानं कौतुकानं तांब्या उचलला, तसा हा ओरडला, "खबरदार! आमच्या दाजींचं झाड आहे, पाणी दाखवूसुद्धा नका!"

मी मिशीला पीळ भरला.