जरा टपरीपर्यंत जाऊन ये

कार्टूनसर माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी पाय. घाटनांदूरच्या स्टेशन रोडवर त्यांचा गाळा होता, माझ्या फ्लेक्सच्या दुकानाला भिंत लागून. लग्नाच्या निमंत्रणाचा व्हिडिओ करायला नवरदेव आला की सर त्याला खुर्ची द्यायचे नाहीत. म्हणायचे, "जरा त्या टपरीपर्यंत जाऊन ये." बिचारा जायचा, यायचा, आणि सर दारात उभे राहून बघत राहायचे. मग पावलागणिक एकेक चित्र काढून त्याला कॉम्प्युटरवर चालवायचे. व्हिडिओ मोबाईलवर फिरला की चेहरा नीट दिसायच्या आधीच आत्या-मावश्या ओळखायच्या, "आपला नामदेव हाय की हा."

सर स्वतः लहानपणापासून डाव्या पायाने लंगडत. त्याची त्यांना लाज नव्हती. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी नावाऐवजी एक छोटा लंगडा माणूस पडद्यावरून चालत जायचा, तीच त्यांची सही. "नाव कुणी बी टाकतंय. ही चाल माझ्या एकट्याची हाय," असं म्हणायचे.

मग सर वापरायचे त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. फोटो टाकला की मशीन आपणच त्यातल्या माणसाच्या आत हलणारी हाडं बसवतं, तयार चालींतली एक निवडली की माणूस चालू लागतो, आवाज दिला की ओठ हलतात. सरांनी ते सगळं शिकून घेतलं. म्हातारा अडून बसला, असं कुणी म्हणू नये. ओठांचं काम तर त्यांना फार आवडलं. "कंटाळ्याचं काम मशीननं करावं, बघायचं काम आपलं," म्हणायचे. चाल मात्र शेवटपर्यंत हातानेच काढली.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बाळूने समोर दुकान थाटलं. तो चहा येईपर्यंत व्हिडिओ तयार करून द्यायचा. त्याचे सगळे नवरदेव एकाच चालीने, छाती काढून चालायचे आणि लोकांना तेच पाहिजे होतं. एकदा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक बाप सरांवर चिडला. मोळ्या वाहून पोराचा उजवा खांदा उतरला होता, सरांनी तो तसाच ठेवला होता.

"कावून वाकडा केलाव आमचा पोरगा? समोरचा हीरोवानी चालवून देतोय."

"मग तिकडंच जा," सर म्हणाले. "त्याच्याकडं समदे सरळच चालतात."

बाप गेला. हळूहळू सगळेच गेले. मुहूर्त महिनाभर लांब आणि व्हिडिओ आत्ताच्या आत्ता पाहिजे, अशी आमच्या गावाची घाई. शेवटी शेवटी सर दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली बघत बसायचे. आत कुणी येत नसे. माझा जीव तुटायचा, पण गिऱ्हाइकाला धरून थोडंच आणता येतं?

या उन्हाळ्यात सर गेले. छातीत कळ आली आणि अंबाजोगाईला नेईपर्यंत खेळ आटोपला. तेराव्याला बाळूने मंडपात पडदा लावला, गुरूसाठी खास व्हिडिओ करून आणला होता. फोटोतले सर उठले, त्या नवरदेवांसारखीच छाती काढून, दोन्ही पायांवर ताठ चालत आले आणि हात जोडून उभे राहिले. लोक डोळे पुसू लागले. माझ्या मागे एकजण म्हणाला, "लई भारी केलंय. पाय बी नीट केला."

वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, पुढे बसल्या होत्या. त्यांनी बाळूला जवळ बोलावलं. तो शाबासकी घ्यायला आल्यासारखा वाकला.

"हे कोण हाय रे?"

"सर हायत की, काकू."

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "मी चुलीकडं तोंड करून बसलेली असले तरी पायाच्या आवाजावरनं मला कळायचं, हे आले म्हणून. ह्या माणसाला मी वळखत न्हाई. तू तर इतकी वर्सं त्येंच्याजवळ व्हतास. तू कदी बघितलंच न्हाईस व्हय त्येंना?"

व्हिडिओ संपला होता तो आपोआप पुन्हा सुरू झाला आणि तो सरळ माणूस परत पहिल्यापासून चालत येऊ लागला. मी उठलो आणि प्लग काढला. तेराव्यात अपशकुन केला, असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत.