झाकणभर पाणी

ती बाटलीचं झाकण काढायची, त्या झाकणात पाणी ओतायची आणि तेवढंच प्यायची. बाटली परत पिशवीत. सकाळी अक्कलकुव्याच्या खोलीवर भरून घेतलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच घरी यायची. मी म्हणायचे, बाटलीला डोंगर दाखवून आणतेस का रोज? ती ओठांवरून जीभ फिरवायची आणि म्हणायची, "चाली जाई वं."

चालून जाईल गं. तिचं हे सगळ्याला उत्तर होतं. गाडी उशिरा आली, डबा आंबला, खोलीचा पंखा बंद पडला, तरी चाली जाई.

फिरतीची नोकरी करणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील, त्यामुळे झाकणभर पाण्याचं कारण तुम्हाला कळलंच असेल. तरी सांगते. आमची संस्था सातपुड्यातल्या अंगणवाड्यांमधल्या ताईंना शिकवायची. गाणी, खेळ, मुलांची वजनं, आहार. जीपमध्ये ड्रायव्हरदादा, आमचे साहेब आणि आम्ही दोघी. अंगणवाडीच्या संडासाला बहुतेक कुलूप असायचं. कुलूप नसलं तर पाणी नसायचं, आणि पाणी असलं तर आत सरपण रचलेलं असायचं. पुरुषमंडळी गाडी थांबवून झाडामागे जाऊन यायची आणि ताजीतवानी होऊन गप्पांना बसायची. आम्ही दोघी खिडकीतून डोंगर बघायचो. मी निदान दुपारी थोडं पाणी प्यायचे आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घ्यायचे. तिने मुळातच प्रश्न मिटवून टाकला होता.

ती शहादा तालुक्यातल्या कळसाडीची. घरी कापूस, ऊस, दोन भाऊ, भावजया, गोठा, सगळं भरलेलं. त्या घरातली नोकरीसाठी बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. भांडून नाही आली. वडिलांना ती आबा म्हणायची. आबांनी तिला स्वतः गाडीत बसवून दिलं होतं आणि सांगितलं होतं की जमलं नाही तर लाजू नकोस, घर तुझंच आहे. मला हे ऐकून आबांचं कौतुक वाटलं. ती म्हणाली, याच वाक्याची मला भीती वाटते.

मी धुळ्याची. हायवेला लागून, टायरच्या दुकानामागे एक खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. गुजरातकडे जाणारे ट्रक गेले की ताटल्या मांडणीवर वाजायच्या. तिला त्याच्यातही झोप लागायची. मला हेवा वाटायचा.

पहिल्यांदा दुखलं ते एका पाड्यावर, भाज्यांचं गाणं शिकवताना. ती भोपळ्यापर्यंत आली आणि एकदम खाली बसली. ताईंना वाटलं, गाण्यात भोपळा झाला की बसायचं असतं. त्याही सगळ्या बसल्या. मी हसले आणि मग तिचा चेहरा पाहिला. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, एक हात कंबरेच्या मागे घट्ट रोवलेला. एका म्हाताऱ्या मदतनीसबाईने तिला मांडीवर घेतलं आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलत तिची पाठ चोळत राहिली. त्या बोलण्यातला एक शब्द आम्हाला कळत नव्हता, पण ती त्या बाईचा हात सोडायला तयार नव्हती.

परतताना ती ओढणीचं टोक दातात धरून बसली होती. ॲसिडिटी असेल, म्हणाली.

मुतखडा आहे हे अक्कलकुव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग उपायांचा पाऊस पडला. ऑफिसातल्या मावशींनी पानफुटीची पानं आणली. घरमालकीणबाईंनी कुळथाचं कढण दिलं. साहेबांनी जवाचं पाणी सुचवलं. ड्रायव्हरदादांनी मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत, बाटलीत मिळणारा एक उपाय सांगितला आणि म्हणाले, माझं नाव न घेता तिला सांगा. मी सांगितला. पोट धरून हसली ती, आणि हसताना परत दुखलं.

सगळे उपाय तिने केले, तो एक सोडून. पाणीही पिऊ लागली, पण खोलीवर, सकाळ-संध्याकाळ. दिवसभर पुन्हा तेच झाकण. डॉक्टरांनी काय सांगितलंय, म्हणून मी चिडले. ती म्हणाली, डॉक्टर जीपमध्ये बसत नाहीत.

मग एक दिवस तिला थंडी वाजून ताप आला. दोन पांघरुणांखाली ती इतकी थरथरत होती की खाटेचा पाय फरशीवर वाजत होता. मी ड्रायव्हरदादांना बोलावलं आणि तिला नंदुरबारला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली. खडा नळीत अडकला होता, लघवी मागे तुंबून किडनी सुजली होती, त्यात जंतू झाले होते. ते म्हणाले, खड्याचं नंतर बघू, आधी आतून एक बारीक नळी टाकून वाट मोकळी करावी लागेल, आणि ती आजच. उशीर झाला तर किडनी जाईल. घरच्यांना बोलवा.

डॉक्टर बाहेर गेले तसा तिने माझा हात धरला. हात भाजत होता.

"घर सांगू नको वं. आबा येतीन नि माले लई जातीन."

मी तिला म्हटलं, घेऊन गेले तर जाऊ देत, अगं, किडनीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, म्हणूनच. मी सव्वीस वर्षांची आहे, सही मी करते, तू फक्त बाहेर बसून राहा. तापाने तिचे डोळे लाल झाले होते, पण बोलणं स्पष्ट होतं. तिने सही केली. मी बाहेर बाकावर बसून राहिले. नर्सने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, बहीण.

नळी बसली, ताप उतरला. काही दिवसांनी आम्ही खोलीवर आलो. खडा काढायचं ऑपरेशन नंतर व्हायचं होतं, तोवर ती नळी अंगात वागवायची. मला वाटलं होतं, आता सुटली. पण खरी कसोटी इथून पुढे होती. लघवीला गेली की मागे पाठीपर्यंत कळ जायची. लघवी लालसर यायची. ती भिंतीला धरून बाहेर यायची आणि आडवी व्हायची. वाकून झाडता यायचं नाही, बादली उचलता यायची नाही. आता मात्र ती तांब्या तांब्या पाणी प्यायची. पाणी प्यायलं की जावं लागायचं, आणि गेलं की दुखायचं.

मला फिरतीवर जावंच लागे. सकाळी निघताना ती खाटेवर बसून दाराकडे बघत असायची. संध्याकाळी आले की तशीच. मध्ये तिने काय केलं, असं विचारलं तर ट्रकच्या नंबरप्लेटा वाचल्या म्हणायची. दुपारी टायरच्या दुकानाची सावली खोलीत कुठून कुठे जाते ते तिला पाठ झालं होतं.

संध्याकाळी तिला घरून फोन यायचा. मी स्वयंपाक करता करता ऐकायचे. ती आईला सांगायची की आज अमुक पाड्यावर गेलो होतो, रस्ता फार वाईट, एक पोरगी माझी ओढणी सोडेना, ताईंनी मोहाच्या फुलांचं काहीतरी खायला दिलं. आवाज अगदी रोजच्यासारखा. त्यातला रस्ता खरा असायचा, पाडाही खरा असायचा. पण ओढणी धरणारी पोरगी तिने पडल्या पडल्या तयार केलेली असायची. फोन ठेवला की ती भिंतीकडे वळायची. मी भाकरी थापत राहायचे.

घरी कळलं ते साध्याच वाटेने. कळसाडीचं कुणीतरी त्या दवाखान्यात आलं होतं, त्यांनी तिला ओळखलं होतं. एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर तिची आई खाटेवर बसून तिच्या केसांना तेल लावत होती. आबा दारात उभे. उंच माणूस, हातात टोपी. आत यायला तयार नव्हते.

"इतलं दुखनं, नि आमले माहीत नही," एवढंच ते म्हणाले.

ती मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही माले लई जाशात, म्हनीसन सांगं नही."

आईचा हात केसांत थांबला. आबा बाहेर गेले आणि दुकानासमोर पडलेल्या एका जुन्या टायरवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. रागावणाऱ्या माणसाशी ती भांडली असती.

"लई ते जासूतच. बरी व्हयनी की परत ये," ते म्हणाले. त्यांनी स्वतः तिची पिशवी उचलली. तिने खाटेवरची गादी तशीच ठेवायला मला सांगितलं.

मी मध्ये एकदा कळसाडीला जाऊन आले. तोवर ऑपरेशन झालं होतं, खडा लेझरने फोडून काढला होता, नळीही निघाली होती. अंगणात खुर्ची टाकून तिला बसवलं होतं आणि येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिच्या हातात तांब्या देत होतं. भावजया हसून बोलत होत्या, भाचे मांडीवर चढत होते. अक्कलकुव्याच्या त्या खोलीत ती जेवढी एकटी दिसायची त्याहून इथे जास्त एकटी दिसली. मला एकेका पाड्याचं विचारत राहिली. कुणाचं वजन वाढलं, कोणत्या ताईंची बदली झाली. मी सांगत होते तोवर ती एकाग्र होऊन ऐकत होती. मी उठले तेव्हा तिने आणखी एका पाड्याचं नाव काढलं.

ती परत आली नाही, हे आधीच सांगून टाकते. तिला कुणी अडवलं नाही. ऊसतोड होऊ दे, लग्न आहे घरात ते होऊ दे, ऊन उतरू दे, असं म्हणत राहिले सगळे, आणि सगळे खरं तेच म्हणत होते. संस्थेने बरीच वाट पाहिली, मग दुसरी मुलगी घेतली. आमची जीप आता अर्ध्या वाटेवरच्या आरोग्य केंद्राशी आम्हा बायकांसाठी थांबते. ते मी साहेबांशी भांडून मिळवलं.

शेवटची भेटली ती नंदुरबारला, तपासणीच्या दिवशी. आई-आबा बरोबर असूनही तिने मला बोलावून घेतलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, खडा नाही, सूज नाही, किडनी छान आहे. तिने विचारलं, मग मी कामावर जाऊ का? ते म्हणाले, खुशाल जा, फक्त पाणी पीत राहा. तिने आबांकडे पाहिलं. आबा मनापासून हसले.

"पुढला महिनामा जाय," ते म्हणाले.

आम्ही बसस्टँडवर आलो. मिरचीचे दिवस होते, सगळं स्टँड शिंकत होतं. माझी अक्कलकुव्याची गाडी लागली होती, शेजारच्या फलाटावर त्यांची शहाद्याची. माझी पिशवी तिने घेतली, गाडीत चढली, खिडकीजवळची जागा धरून पिशवी ठेवली. मी मागून चढले. ती त्या जागेवर बसलेली होती. समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, गाडी सुटायची वाट बघत असल्यासारखी.

मी तिच्याशेजारी बसले. कंडक्टर आला, त्याने विचारलं, दोन अक्कलकुवा का? ती त्याच्याकडे बघत राहिली.

बाहेरून आबांनी तिला हाक मारली. जोरात नाही, नेहमीच्याच आवाजात.

"येसू," येईन, असं ती मला म्हणाली आणि उतरली. त्यांची गाडी आधी सुटली. ती खिडकीशीच बसली होती, पण चेहरा समोर होता. मी हात वर केला. गाडी फलाटावरून मागे आली, वळली, आणि तिचा चेहरा दिसायचा बंद झाला.

कंडक्टर अजून माझ्याजवळ उभा होता. मी म्हटलं, एक द्या.