मुद्देमालातले दार

“ऱ्हायाला घर न्हाई, आन् चोरलंय काय, तर दार!”

ठाण्याच्या ओट्यावर हवालदार म्हणाले आणि शिपाई हसले. ते वाक्य मी विसरलेले नाही. नगर जिल्ह्यात बाहत्तरचा दुष्काळ होता. मी नवीनच फौजदार झाले होते. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेले. मराठी चुकेल म्हणून मी कमीच बोलत असे.

एसटी स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली होती, की एक म्हातारी सागवानी दारावर झोपते. तेच दार चोरीला गेल्याची फिर्याद तिच्या दिराने आमच्याकडे दिली होती.

दोघांना, म्हातारीला आणि दाराला, ठाण्यावर आणले. मी तिला आत बसवून विचारले, “मावशी, गाव का सोडलंत?”

“दुस्काळ हाय, बाई. समदेच निघालेत.”

“आणि हे दार?”

तिने पदर तोंडावर ओढला.

स्टँडवर, पुलाखाली जो बेघर भेटे तो गाव सोडल्याचे कारण दुष्काळच सांगे. आम्ही तेच लिहून घेत होतो. लिहायला सोपे होते.

मुद्देमाल आत घ्यायला दोन शिपाई लागले. “लई जड हाय हो,” म्हणत त्यांनी तो दोनदा खाली टेकवला. हे दार हिने एकटीने काढले कसे?

शिपायांना बाहेर पाठवून मी तेच विचारले.

तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. “म्या न्हाई काढलं. भावजींनी काढलं. मालक गेल्यावर म्हनले, घर सोड. म्या सोडंना, तवा दारच काढून उकिरड्यावर टाकलं. उघड्या घरात एकली बाई कशी निजंल? खडीच्या ट्रकवाल्यानं दार हितवर आणून दिलं.”

“मग दुष्काळ का सांगितलात?”

“दुस्काळाची लाज न्हाई, बाई. घरच्यांनी हाकललं, ह्ये कुन्या तोंडानं सांगू?”

मान तिची खाली होती. माझीही वर होईना. किती जणांच्या जबाबात मी ‘दुष्काळ’ लिहून पुढे गेले होते! बेघर माणूस खरे कारण शेवटी सांगतो, तेही कोणी हसत नसेल तर, हे मी त्या दिवशी शिकले.

पंचनाम्यासाठी दार आणि म्हातारीला घेऊन आम्ही गावात गेलो. शेजाऱ्यांना विचारले. एक जण जमिनीकडे पाहत म्हणाला, “व्हय, त्यानंच काढलं.”

दीर पुढे आला. “बाईसाहेब, आमचं घरातलं हाय. दार ठेवा आन् हिला घिऊन जावा.”

म्हातारी जीपमधून उतरेना. हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

“दार चौकटीत बसवा. मावशी, उतरा, घर तुमचं आहे. आणि हवालदार, नवी फिर्याद लिहून घ्या. फिर्यादी या आहेत.”