पहिली सुटेल ती गाडी

नाना गेल्याचं आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही एका चष्म्यावरून. कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनवरच्या पोलीस चौकीत हवालदाराने कागदाची पुडी सोडली आणि काळ्या दोऱ्याने बांधलेली चष्म्याची दांडी पाहताच वहिनी म्हणाल्या, "हा दोरा माझाच." तोवर परक्या माणसांनी नानांचं दहनही केलं होतं. त्यांचे उपकारच आहेत. पण वहिनी, त्यांची बायको, याच शहरात असताना... महिना झाला, माझा राग जात नाही.

परवाच्या शोकसभेत एकजण म्हणाले, "काय मुक्त माणूस! प्रवासात गेला, भाग्यवान!" मला उठून ओरडावंसं वाटलं. घरात बाईने चार दिवस ताट वाढून ठेवलं, ते कुणाचं भाग्य?

ऋणही सांगायला हवं. मी गावच्या शाळेतून मॅट्रिक होऊन कलकत्त्याला नोकरीला आलो, तेव्हा त्याच कचेरीतल्या नानांनी भवानीपुरातल्या आपल्या दोन खोल्यांत मला जागा दिली, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालायला लावलं. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला, तो नानांमुळे.

रविवारी ते मला सियालदहला नेत. फलाटांवर फाळणीच्या निर्वासितांचे संसार मांडलेले असत. त्यांतून वाट काढत पहिली सुटेल ती गाडी पकडायची. मी वेळापत्रक उघडलं की थट्टेने म्हणत, "मिटव ते, मास्तर. कुठे जायचं ते गाडीला ठाऊक आहे." एकदा असेच हुगळीकाठच्या बजबजला उतरलो आणि परतीची गाडी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी माझा बी.ए.चा पेपर! मी रडकुंडीला आलो होतो, आणि नाना तागाच्या गिरणीच्या दरवानाशेजारी बसून मुरमुरे खात जहाजांचे भोंगे ओळखत होते. पहाटे एका मालमोटारीत तागाच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही परतलो. तो वारा, नदीवरचा तो उजेड... खोटं कशाला बोलू, तसा आनंद मला पुन्हा झाला नाही. पेपरला मात्र अर्धा तास उशीर झाला.

त्या सकाळी वहिनी दारातच उभ्या होत्या. "एक चिठ्ठी ठेवली असती तर हात झिजले असते का?"

"चिठ्ठीत लिहू काय? मलाच ठाऊक नव्हतं," नाना हसत म्हणाले.

त्यांना आणखी एक हौस होती. धोतर बंगाल्यांसारखं, पुढे चुण्या सोडून नेसायचं आणि बंगाली असं बोलायचं की मासळीवालाही फसावा. "मला मराठी म्हणून ओळखून दाखवा," अशी पैज लावत. शेवटच्या रविवारीही तेच धोतर होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, तरी "भाजी घेऊन येतो" म्हणून निघाले. बजबजच्या वाटेवर एका छोट्या स्टेशनात बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. खिशात ना नाव, ना पत्ता; रेल्वे पोलिसांनी त्यांना सियालदहला आणलं.

आता सभेत सांगू शकलो नाही ते सांगतो. नाना रात्रभर घरी आले नाहीत असं वहिनींकडून कळल्यावर सोमवारी मी त्याच चौकीत गेलो होतो. विचारलं, "कोई मराठी सज्जन आए हैं, पचास के आसपास?"

हवालदाराने वही चाळली. "मराठी कोई नहीं, बाबू. एक बंगाली भद्रलोक है, लावारिस. देखना है?"

मला हायसं वाटलं. "नहीं, हमारे तो मराठी हैं," म्हणालो आणि बाहेर पडलो. त्या घरात राहिलो ती चार वर्षं ते धोतर दोरीवर वाळताना पाहिलं, आणि मला सुचलं नाही! दहन मंगळवारी झालं. गुरुवारी वहिनी स्वतः निघाल्या. त्यांनी मराठी माणूस विचारलाच नाही. बंगाली धोतर नेसलेले गृहस्थ, एवढंच विचारलं.

काल मी त्यांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"म्हणजे तुम्हालाही फसवलंच त्यांनी," त्या म्हणाल्या. मग सुपातला खडा वेचून टाकत, "पण एकदा तोंड बघायचं होतं हो, भाऊजी..."

निघालो तेव्हा कुठे जाणार, कुठल्या ट्रामने, किती वाजता पोहोचणार, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मीही सांगितलं. मागे दार लोटल्याचा आवाज आला. नाना कधी येतील याचा नेम नसे, म्हणून त्या घराची कडी दिवसा कधी लागत नसे. मी जिन्यात उभा राहिलो. कडी कालही लागली नाही.